नगर पडल्यावर

दाजी सकाळी सव्वादहाला कचेरीत निघायचे. ओट्यावरून सायकल खाली उतरवायची, घंटी एकदा वाजवून बघायची, आणि मग जाळीच्या लोखंडी दाराला बाहेरून कुलूप लावून किल्ली पँटच्या खिशात टाकायची. अक्का आत. तिचं लग्न झालं त्या वर्षापासून हा रिवाज होता आणि त्याचं कारण असं कुणी सांगितलेलं नव्हतं. देवपुरात चोर फार झालेत, एवढं दाजी म्हणायचे. भाजीवाली बाई अकराच्या सुमारास यायची, टोपली ओट्यावर टेकवायची आणि जाळीच्या गजांतून एकेक जिन्नस आत द्यायची. मेथीची जुडी, वांगी, मिरच्या, गिलकी सगळं आत यायचं. कोबी मात्र गजांतून जायचा नाही, म्हणून आमच्याकडे कोबी फक्त रविवारी व्हायचा. मी त्या घरी राहायला गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला याचं हसू आलं होतं. अक्काला हसू येत नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं.

अक्का माझी मोठी बहीण, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आमचं गाव फैजपूर आणि यावलच्या मधलं, चारही बाजूंनी केळीचे मळे. आई मी चौथीत असताना गेली, तेव्हापासून माझी वेणी घालण्यापासून माझा अभ्यास घेण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं. ती स्वतः सातवीपर्यंत शिकलेली. तिचं लग्न होऊन ती धुळ्याच्या देवपुरात गेल्यावर दोन वर्षांनी मी मॅट्रिक झाले, आणि आमच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ठरवलं की धाकटीनं मोठीच्या घरी राहून शिकावं. शिकेलही आणि नजरेखालीही राहील. सकाळी मी दाजींबरोबरच बाहेर पडायचे, कॉलेजात जायचे आणि संध्याकाळी साडेपाचला दाजी कुलूप उघडत तेव्हा त्यांच्या मागोमाग आत शिरायचे. त्या घरातले आवाज अजून कानात आहेत. स्टोव्हला पंप मारल्याचा, गिरणीच्या भोंग्याचा, खाली पांझरेच्या पात्रात धुणं आपटल्याचा, सात वाजता रेडिओवरच्या बातम्यांचा. माणसांचा आवाज त्यात फारसा नव्हता. दाजी जेवताना बोलत नसत आणि ते बोलत नाहीत म्हणून आम्हीही नाही.

दाजी वाईट नव्हते, हे मला आज या वयात लिहावंसं वाटतं. त्यांनी अक्कावर कधी हात उचलला नाही. रविवारी न चुकता शेव आणायचे, कारण अक्काच्या हातची शेवभाजी त्यांना फार आवडायची, आणि ती खाताना कपाळावरचा घाम पुसत दोन भाकरी जास्त जेवायचे. त्यांना सगळी माणसं मोजून जागच्या जागी लागायची, एवढंच. पण त्या एवढ्यात माझ्या बहिणीचं आयुष्य मावलं होतं.

बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी कॉलेजात एस्तेरबाई आल्या. त्या गाणं शिकवायच्या, पण आमच्या नेहमीच्या संगीताच्या मास्तरांसारखं नाही. त्या चर्चमध्ये पायपेटी वाजवायच्या, पुण्याला राहून त्यांनी पाश्चात्त्य संगीत शिकून घेतलं होतं, आणि गेली कित्येक वर्षं त्या एक मोठी रचना लिहीत होत्या. मुलींच्या समूहासाठी आणि वाद्यवृंदासाठी. तिचं नाव ‘नगर पडल्यावर’. त्यांनी आम्हाला बाकांवर बसवून गोष्ट सांगितली. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये एका नाटककारानं एक शोकांतिका लिहिली. युद्ध संपलंय, नगर जळतंय, पुरुष सगळे मारले गेलेत. किनाऱ्यावर बाया बसल्यात. विजेत्या सैन्याचा निरोप्या येतो आणि एकेकीचं नाव पुकारून सांगतो, तू या सरदाराच्या वाट्याला, तू त्या सरदाराच्या. बाया विचारतात, तिथं आम्हाला काय काम असेल? पाणी कुणी भरायचं? बस. नाटकात याहून जास्त काही घडत नाही, असं बाई म्हणाल्या.

पदं त्यांनी अहिराणीत लिहिली होती. ‘रडायची भाषा घरची हवी,’ असं त्यांचं म्हणणं. आमच्या पूर्वेकडच्या बोलीपेक्षा ती वेगळी, त्यामुळे मला सुरुवातीला काही शब्द जिभेवर बसवावे लागले, ‘लिधं’ म्हणजे घेतलं, ‘तठे’ म्हणजे तिथं, असे. मुख्य पद असं होतं:

कोना घर, कोना दार,
मनं नाव कोनी लिधं?
पानी तठे कोन भरस,
माले कोनी सांगं नही.

वाद्यवृंद म्हणजे चर्चमधली दोन व्हायोलिनं, बाईंची पायपेटी, आणि लग्नाच्या बँडातली चार माणसं. त्यांच्यातले क्लॅरिओनेट वाजवणारे गफूरचाचा पहिल्या दिवशी म्हणाले, ‘बाई, यात वरात कुठं निघते ते सांगा, म्हणजे मी तिथं जोर लावतो.’ बाई म्हणाल्या, ‘वरातच आहे, चाचा. उलटी.’ चाचांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिलं, मग क्लॅरिओनेट तोंडाला लावलं आणि वरातीचाच सूर संथ, खाली उतरवत काढला.

मला बाईंनी दुसऱ्या आवाजात घातलं. आम्हा मुलींना भजन माहीत, आरती माहीत. सगळ्यांनी मिळून एकच चाल म्हणायची. इथं मात्र पहिला आवाज एक चाल म्हणणार आणि त्याच वेळी दुसरा आवाज खाली दुसरंच काही म्हणणार. पहिले आठ दिवस मी दर ओळीला घसरून शेजारणीच्या चालीवर जायचे. बाई थांबवायच्या. ‘तिचं ऐक, पण तिच्या मागे जाऊ नकोस,’ म्हणायच्या. ज्या दिवशी ते पहिल्यांदा जमलं, आमचे दोन आवाज एकमेकांत न मिसळता एकत्र उभे राहिले, त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदाच मधे थांबवलं नाही. तालीम तीन ते पाच चालायची. साडेपाचला मी कुलपाशी हजर असायचे. घरी सांगायचं मी टाळलं. खोटं बोलले नाही, पण कुणी विचारलं नाही याचा फायदा घेतला.

अडीच महिने असे गेले. मग कचेरीतल्या कुणीतरी दाजींना विचारलं, ‘तुमची मेव्हणी बँडवाल्यांबरोबर गाते म्हणे?’ त्या संध्याकाळी दाजी चिडले नाहीत, आवाजही चढवला नाही. जेवण झाल्यावर हात धुतले, टॉवेल घडी करून दांडीवर टाकला आणि म्हणाले, ‘उद्यापासून कॉलेज बंद. परीक्षेला मी स्वतः नेऊन बसवीन. आबांना पत्र टाकलंय, जळगावचं एक स्थळ आहे, तेही बघून जातील.’

‘कार्यक्रम आहे, दाजी. तीन आठवड्यांनी. माझ्या जागी दुसरी कुणी नाही.’

‘घरात आहेस तोवर घरातलंच ऐकायचं,’ ते म्हणाले आणि रेडिओ लावला.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला घंटी वाजली, कुलूप लागलं, आणि पहिल्यांदाच मी आतल्या बाजूला होते. बाहेर असताना हे घर मला लहान वाटलं नव्हतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोरी, वर गच्ची. गच्चीवरून पलीकडची कॉलेजची चिंचेची झाडं दिसायची. पहिले दोन दिवस मी तिथंच उभी असायचे. तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, ‘खाली ये. बिबड्या करायच्या आहेत. उभं राहून दार उघडत नाही, मी पाहिलंय करून.’

बिबड्या म्हणजे ज्वारीच्या पिठाचे पापड. ज्वारी भिजवून, दळून, तिखटमीठ तीळ घालून मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा आणि तो गरम असतानाच गच्चीवर अंथरलेल्या जुन्या धोतरावर हातानं पातळ थापत जायचं. बोटं भाजतात, पाण्यात बुडवायची आणि पुन्हा थापायचं. वाटीभर घाटा अक्का तेल घालून मला खायला द्यायची. थापता थापता मी माझा दुसरा आवाज पुटपुटायचे. पण दुसरा आवाज एकट्यानं म्हटला तर त्याला काही रूपच नसतं. तीच तीच सुरावट, मधेच थांबणारी, कुठं जायचं ते ठाऊक नसल्यासारखी. तीन दिवस अक्कानं ऐकून घेतलं.

‘हे काय गानं आहे व?’ चौथ्या दिवशी ती म्हणाली. ‘पाय तुटल्यावानी चालतंय.’

मी सांगितलं, की हे अर्धं आहे. वरचं अर्धं दुसऱ्या मुली म्हणतात.

‘मग ते वरचं म्हण बरं.’

मी म्हटलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मग काही न बोलता पातेलं उचलून खाली गेली. दुसऱ्या दिवशी बिबड्या थापताना तिनं पहिला आवाज सुरू केला. ‘कोना घर, कोना दार.’ एकही जागा चुकली नाही. मी इतकी चकित झाले की माझा सूर लावायचंच विसरले. तिनं मान न वळवता म्हटलं, ‘तुझं काऊन बंद पडलं?’ मग आम्ही दोघींनी म्हटलं. उन्हात, हात घाट्यानं माखलेले, आजूबाजूच्या गच्च्यांवर कुणी नाही. अक्काचा आवाज जाड होता, थोडा घोगरा, पण तो जिथं ठेवला तिथून हलत नव्हता. मी त्याच्या खाली निर्धास्त उभी राहू शकत होते. तिच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत तिला गाताना कुणी ऐकलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मी तर त्याच घरात राहत होते.

पुढचे पंधरा दिवस आम्ही सगळी रचना म्हणून काढली. मी तिला गोष्ट सांगितली. किनाऱ्यावर बसलेल्या बायांचं सांगितलं तेव्हा ती बिबड्या थापतच राहिली. मग तिनं एकच प्रश्न विचारला. ‘त्यायच्यातली एखादी म्हातारी होऊन तिकडंच मेली असंन ना? तिचं काही लिहिलं आहे का?’ मी म्हटलं, नाटक त्या दिवशीच संपतं.

कार्यक्रमाचा दिवस रविवार होता. चार वाजताची वेळ, म्हणजे मुली उजेडात घरी पोचतील. आणि दाजींनी पाहुणे बोलावले त्याच रविवारी सकाळी. मुद्दाम की योगायोगानं, ते मला आजही माहीत नाही. आबा आदल्या दिवशी एसटीनं आले. नेहमीप्रमाणे केळीची फणी आणि भरिताची वांगी घेऊन. मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायची सवयच नव्हती. आबा मितभाषी माणूस, गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवायचे, आणि मृदंगावरच काय ते मोकळे व्हायचे.

पाहुणे साडेअकराला आले. मुलगा, त्याची आई, आणि ज्यांना सगळे नाना म्हणत होते ते त्याचे काका. अक्कानं मला तिचा जांभळा शालू नेसवला. पोहे झाले, चहा झाला, शिक्षण झालं, स्वयंपाक झाला. मग नाना म्हणाले, ‘गाणं येतं म्हणतात. म्हणा एखादं.’

मी ठरवून काही केलं नाही. दुसरी चार गाणी मला येत होती. पण तोंड उघडलं आणि तीन आठवडे जे तोंडात होतं तेच बाहेर आलं. माझा दुसरा आवाज. तुटका, मधेच थांबणारा. दुसऱ्या ओळीला मुलाची आई नानांकडे बघायला लागली. दाजींची मान खाली. मला कळत होतं की थांबायला हवं, आणि थांबता येत नव्हतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून वरचा आवाज आला. ‘मनं नाव कोनी लिधं.’ अक्का दारात आलीसुद्धा नाही. चहाचे कप विसळताना पाण्याचा आवाज येत होता आणि त्यावरून तिचा आवाज. आम्ही पद पूर्ण केलं.

मग नाना म्हणाले, ‘आवाज बरा आहे. पण शुभ कामाला हे रडगाणं कशाला?’ पंधरा मिनिटांत ते उठले. कळवतो, म्हणाले.

दाजी त्यांना रस्त्यापर्यंत सोडून आले आणि आत येऊन जाळीला आतून कुलूप लावलं. किल्ली खिशात. अक्काला म्हणाले, ‘लाज काढलीस माझी.’

आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला विचारलं, ‘सुशे, हे कोनच्या बायायचं गानं आहे?’

मी सांगितलं. नगर पडलं, पुरुष मेले, बायांची वाटणी झाली. चार वाजता हे गाणं कॉलेजच्या सभागृहात आहे आणि माझी जागा रिकामी आहे, हेही सांगितलं. आबा जमिनीकडे बघत ऐकत होते. त्यांची बोटं मांडीवर बारीक ताल धरत होती, आणि मला वाटलं त्यांचं लक्षच नाही.

मग अक्का बाहेर आली. पदराला हात पुसत म्हणाली, ‘आबा, हिले घेऊन जा. वेळ होते.’

‘ही गेली तर या घरात परत पाऊल टाकायचं नाही,’ दाजी म्हणाले. ‘आणि तुलाही माहेर नाही. आबांच्या समोर सांगतोय.’

आबा अक्काकडे बघत राहिले. आता मुलगी आणि मुलगी यांच्यात त्यांना निवड करायची होती, आणि ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी विचारलं, ‘तुझं काय होईन, माय?’

‘माझं मी पाहीन,’ अक्का म्हणाली. ‘माझं झालं तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं. हिचं विचारा.’

आबा उठले. टोपी घातली. दाजींपुढे हात करून म्हणाले, ‘जावईबापू, किल्ली.’

दाजींनी किल्ली त्यांच्या हातात दिली नाही, जमिनीवर टाकली. आबा वाकायच्या आत अक्कानं ती उचलली, कुलूप काढलं आणि आम्हाला बाहेर केलं. मी ओट्याच्या पायऱ्या उतरत होते तेव्हा मागे कुलूप परत लागल्याचा आवाज आला. लावणारी अक्काच होती.

सभागृहात पोचलो तेव्हा मुली पांढऱ्या साड्या नेसून रांगेत उभ्या होत्या. मी जांभळ्या शालूत. एस्तेरबाईंनी एक शब्द विचारला नाही, हाताला धरून मला मागच्या रांगेत उभं केलं. अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. बँडातला मोठा ढोल वाजला, गफूरचाचांचं क्लॅरिओनेट सुरू झालं, आणि आम्ही नगर पडल्याचं गायलो. बाईंनी असं बसवलं होतं की नाव पुकारलं की ती मुलगी रांगेतून निघून, प्रेक्षकांमधून चालत, दाराबाहेर जाणार. एकेक कमी होत गेली. समूहाचा आवाज विरळ होत गेला. पहिल्या आवाजातल्या मुली एकामागून एक निघून जात होत्या आणि मी दुसरा आवाज धरून उभी होते. मला घसरायची भीती वाटली नाही. ज्या आवाजाखाली मी उभी होते तो त्या मुलींचा नव्हताच. माझं नाव शेवटून तिसरं होतं. मी चालत आबांच्या शेजारून दाराकडे गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी टाळ्या कधी वाजवायच्या ते कुणाला कळेना, म्हणून थोड्याच वाजल्या. ती रचना पुन्हा कधी झाली नाही. बाई पुढच्या वर्षी बदलून गेल्या.

बाहेर आल्यावर आबा म्हणाले, ‘ढोलवाला एके ठिकानी घाई करत होता.’ थोडं चालल्यावर म्हणाले, ‘बाकी बरोबर होतं.’

सामान घ्यायला आम्ही परत गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दाजी आतल्या खोलीत होते. त्यांनी कुलूप काढू दिलं नाही, की अक्कानंच विचारलं नाही, कोण जाणे. तिनं माझे कपडे घडी करून एकेक गजांतून बाहेर दिले. मग पुस्तकं, एकेक. मग कंगवा, तेलाची बाटली. पत्र्याची पेटी राहिली, ती बाहेर येणार नव्हती. आबा रस्त्यावर पाठ करून उभे होते.

‘पहिल्या आवाजात किती जणी होत्या?’ अक्कानं विचारलं.

‘बारा.’

‘बस झाल्या मग,’ ती म्हणाली.

मी वसतिगृहात राहून बी. ए. झाले. जळगावच्या त्या मंडळींचं पत्र आलं नाही, आणि पुढे आबांनी मला विचारल्याशिवाय कुठलं स्थळ पाहिलं नाही. मी यावलच्या एका शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. माझं लग्न माझ्या मर्जीनं झालं, त्या लग्नाला अक्का नव्हती. दाजी शब्दाचे पक्के निघाले. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, प्रत्येक मुलगी माहेरी येते, झाडाला झोका बांधतात. सहा आखाज्या आमच्या दारचा झोका तिच्याविना हलला. सातव्या वर्षी तिला मुलगा झाला, तेव्हा दाजींनीच तिला आणून सोडलं, ओट्यावर बसून पाणी प्यायले, आबांशी पावसापाण्याचं बोलले, आणि त्या विषयावर कधीच कुणी काही म्हणालं नाही. दाजी गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

अक्का आता मुलाकडे नाशिकला असते. गुडघे गेलेत, पण बोलायला खणखणीत. मागच्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे पंधरा दिवस होते. एका दुपारी भाजी निवडताना मी अखेर विचारलं. चाळीस वर्षं विचारायचं टाळलं होतं ते. ‘अक्का, तू मला बाहेर काढलंस त्याचा कधी पश्चात्ताप झाला का गं?’

मला वाटलं ती नाही म्हणेल. मी तेवढ्यासाठीच विचारलं होतं.

‘झाला तर,’ ती म्हणाली. ‘रोज झाला. तुझं पास झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी नाही झाला. दुसऱ्या दिवशी परत झाला.’

आणि तिनं निवडलेली मेथी माझ्यापुढे सरकवली.